समाधान : दिवसातून एकदा, जेवणानंतर

गोव्यात राहणाऱ्या माणसाला असमाधानी असण्याची सोय नाही. पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाने सकाळी उठून कपाळाला आठ्या घातल्या तर लोक त्याला समजून घेतात. पाणी आले नसेल, लोकल चुकली असेल, काहीतरी कारण असणारच असे धरून चालतात. आमच्या कपाळावर एक आठी दिसली की मात्र समोरचा दचकतो. देशभरातली माणसे पैसे साठवून, रजा मंजूर करून घेऊन, महिनाभर आधी खोल्या राखून समाधान मिळवायला जिथे येतात, तिथे हा गृहस्थ बाराही महिने फुकट राहतो आणि तरीही तोंड पाडून बसतो, म्हणजे खोट त्याच्यातच असणार, अशी त्यांची खात्री पटते. जाहिरातींनी आम्हाला कायमचे सुशेगाद करून टाकले आहे. आरामखुर्चीत पहुडलेला, पोटावर हात ठेवून समुद्राकडे पाहणारा तो जाहिरातीतला गोवेकर मी आजवर प्रत्यक्षात पाहिलेला नाही. मी माशेलला राहतो. समुद्र आमच्यापासून लांब आहे, आणि घरात जी एक आरामखुर्ची आहे तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.

तरीही बरीच वर्षे मी या लौकिकाला फारसा धक्का न लावता नोकरी, बाजारहाट आणि माफक चिडचिड यांत दिवस काढत होतो. गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास माझा रक्तदाब 150 च्या वर गेला आणि पुढचे सारे प्रकरण सुरू झाले. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत; ते रोग्याला आधी रागावतात आणि मग तपासतात. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायचे, म्हणजे एक चमचाही पुरता भरायचा नाही, आणि लोणचे, पापड, खारे मासे हे सारे त्या चमच्यातच धरायचे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते, असे त्यांनी बजावले. तिसरी गोष्ट त्यांनी चिठ्ठीवर लिहिली नाही. मी दाराशी पोहोचल्यावर मागून हाक मारून ते म्हणाले, "आणि रोजच्या जगण्यात समाधान शोधा हो जरा."

गोळीला मात्रा होती आणि मिठाला माप होते; समाधान किती घ्यायचे, उपाशीपोटी घ्यायचे की जेवणानंतर, याचा खुलासा कुठेच नव्हता. ती उणीव बायकोने घरी पोहोचायच्या आत भरून काढली. "रोज रात्री जेवण झालं की आज कशात समाधान मिळालं ते मला सांगायचं," ती म्हणाली. "एक तरी सांगायचंच. आणि कालचंच आज चालणार नाही." (आमच्या घरी भांडण कोकणीत होते आणि हिशेब मराठीत लिहिला जातो. वाचकांच्या सोयीसाठी इथे दोन्ही मराठीतच देत आहे.)

सुरुवातीचे दिवस सोपे गेले. आमच्या वाड्यावर पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या सायकलीचा भोंगा वाजला की निम्मा वाडा डोळे न उघडताच दारात येऊन उभा राहतो. टोपलीवरचा निळा प्लास्टिकचा कागद त्याने बाजूला केला की आधी वाफ वर येते, मग कोंड्याचा वास येतो आणि मग पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, हातात पडते. ताजी पोय दोन बोटांनी दाबली तर हळूच उसासा टाकून चपटी होते आणि तिच्या अंगावरचा कोंडा बोटांना लागून राहतो. हे सगळे मी त्या रात्री खुलवून सांगितले आणि बायको प्रसन्न झाली. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत नोंदही केली. त्या चौकटीत आधीपासून दुधाचा आणि गॅसचा हिशेब असल्यामुळे माझ्या आत्मिक प्रगतीचा आलेख पुढे वर्षभर अशा थाटात लिहिला गेला: "दूध अर्धा लिटर जास्त. यांना पोय आवडली." "गॅस आला. यांना वारा बरा वाटला." "दूध नाही. जास्वंद."

महिनाअखेर माझा साठा संपला. पोय झाली, वारा झाला, दारची जास्वंद झाली, शेजारच्या भाईंचा कुत्रा रात्रभर भुंकला नाही तेही सांगून झाले. एका रात्री मी सरळ सांगून टाकले की आज मला कशातही समाधान मिळालेले नाही. बायकोने एका शब्दानेही वाद घातला नाही. ती आत गेली, रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन आली आणि तिने माझ्या दंडाला पट्टा आवळला. त्या दिवसापासून मी समाधानाच्या थापा मारू लागलो. पावसाळ्याआधीच इंद्रधनुष्य पाहिल्याचे सांगितले, तेव्हा मात्र तिने दिनदर्शिकेत प्रश्नचिन्ह काढले.

मुलगी पुण्यात असते. तिला आईकडून सगळा अहवाल जात होता. तिने फोनवर सांगितले, "बाबा, तुम्ही रोज बसने जाता ना, मग मोबाइल बघू नका, खिडकीतून बघत जा. प्रवासात खूप काही मिळतं." माशेलहून पणजीला जाणारी सकाळची बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सल्ल्यातली पहिली अडचण लगेच कळेल: खिडकी ही बसलेल्या माणसाला मिळते. उभ्याने जाणाऱ्याला दुसऱ्याच्या काखेतून जेवढे दिसेल तेवढाच निसर्ग त्याचा. कंडक्टर "फुडें सर, फुडें सर" म्हणत माणसे पुढे ढकलतो, आणि ड्रायव्हरच्या शेजारी पोहोचल्यावर पुढे सरायला फक्त समोरची काच उरते.

तरीही मी नेटाने बघू लागलो. बाणस्तारीच्या पुलावरून कुंभारजुव्याचा कालवा दिसतो. मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा हा कालवा मगरींसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या दर्शनासाठी पर्यटक होडीला पैसे मोजतात. ओहोटीच्या वेळी चिखलावर आ वासून पडलेली मगर दिसली तर ती जांभई देत नसते. उन्हाने तापलेले अंग गार ठेवण्यासाठी तिला जबडा उघडा ठेवावा लागतो, एवढेच. पण पुलावर गाडी अडकली की मला तिचा हेवा वाटे. ती काही काम करत नाही, कुठे जात नाही, आणि दिवसाअखेर तिला कोणी जाब विचारत नाही. मगर पाहून समाधान वाटले असे मी एका रात्री सांगितले. तेव्हा बायकोने पलीकडच्या काकींना हाक मारून, "आता याला काय म्हणायचं?" असे विचारले, आणि पुढे आठवडाभर वाड्यावर माझी विचारपूस होत राहिली.

पुढे जुने गोवे मागे पडते, रायबंदर येते, आणि मग पणजीच्या वेशीपर्यंत तो पोर्तुगीज काळातला बांध लागतो. 1633-34 साली एका व्हाइसरॉयने बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब असा हा रस्ता जवळजवळ चारशे वर्षे टिकून आहे, आणि पणजीतले रस्ते खोदलेले असले की त्यातला बराचसा काळ आपणच त्याच्यावर उभे आहोत असे वाटते. त्याच्या कडेला रायबंदरची मिठागरे आहेत. हे मी आधी कधी नीट पाहिले नव्हते. आता खिडकीबाहेर पाहायचा हुकूमच असल्यामुळे उन्हाळाभर मी सकाळ-संध्याकाळ ते वाफे पाहत होतो. कडक उन्हात पाणी आटत जाते आणि तळाशी पांढरा थर धरतो. डॉक्टरांनी दिलेला चमचा मला तिथे रोज आठवायचा. ज्याला मीठ तोडायला सांगितले आहे, त्याला समाधान शोधण्यासाठी मिठागरांकडे तोंड करून उभे करणे हा काय प्रकार आहे, असे मी मुलीला विचारले. "बाबा, निगेटिव्ह बोलू नका," ती म्हणाली.

इथवर माझ्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली होती. ज्या ज्या गोष्टींत मला खरोखर बरे वाटते, त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या कलमाखाली बंद होत्या. उदाहरणार्थ, मला वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रे लिहायचा नाद आहे. आमच्या बसथांब्याचे छप्पर गळते, त्यावर मी दर पावसाळ्यात एक पत्र लिहितो. ते छापून येते. थांब्यावर चार माणसे "वाचलं हो तुमचं" म्हणतात, आणि आम्ही सगळे मिळून त्याच गळक्या छपराखाली भिजत त्यावर चर्चा करतो. यातून होणारे सुख मोठे आहे. छप्पर दुरुस्त झाले तर माझे नुकसान होईल. पण पत्र लिहिताना माझी कानशिले लाल होतात हे बायकोने हेरून ठेवले होते, आणि त्या वर्षी लेखणीवर बंदी आली. दुपारच्या वामकुक्षीला कोणाचीच हरकत नव्हती, म्हणून मी तीच समाधानात धरा म्हणालो. तर झोपलेल्या माणसाला समाधान कळते कसे, असा तात्त्विक प्रश्न उपस्थित झाला.

खरा पेच पावसाळ्यात पडला. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक होड्यांनी मासेमारी करायची नाही असा नियम आहे. मासे तेव्हा अंडी घालतात, दर्या खवळलेला असतो, आणि या काळात गोव्यातला मासेखाऊ हिंदू असो की ख्रिस्ती, एकसारखाच व्याकूळ असतो. त्यासाठीच मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात: सोले, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ, आणि मुख्य म्हणजे सुके बांगडे व सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी. त्या वर्षी बायको पुरुमेंताच्या बाजारातून परतली तेव्हा पिशव्यांमध्ये बाकी सगळे होते आणि खारे मासे नव्हते. "पाचच ग्रॅम," ती म्हणाली.

पलीकडच्या काकींना डॉक्टरांनी अद्याप काही सांगितलेले नाही. जुलैतल्या एका रविवारी पाऊस असा लागला होता की अंगण आणि रस्ता यांत फरक उरला नव्हता, आणि त्यातून त्यांच्या चुलीवर सुकी सुंगटे भाजल्याचा वास आमच्या पडवीपर्यंत आला. मी छत्री घेऊन, त्यांच्याकडचे जुने पंचांग परत द्यायच्या निमित्ताने गेलो. काकींनी भाजलेली सुंगटे तळहातावर चोळून त्यांची डोकी आणि टोके फुंकरीने उडवली, ताटलीत ओले खोबरे, चिरलेला कांदा, तिखट आणि चिंचेचा कोळ घेऊन बोटांनी कुस्करले, वरून खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले आणि सगळ्यात शेवटी सुंगटे घातली, कारण ती आधी घातली तर मऊ पडतात. किसमूर खायची ती केल्या केल्या. सोबत उकड्या तांदळाची गरम पेज होती. दाताखाली सुंगट कुरकुरले की आधी खारट, मग गोडसर खोबरे, मग चिंच, आणि त्यावर पेजेचा घोट. त्या पंधरा मिनिटांत डॉक्टरांनी माझा हात धरून पाहिला असता, तर समाधान म्हणजे काय हे त्यांना नाडीवर कळले असते.

रात्री मी सांगितले की काकींच्या पडवीत बसून पावसाचा आवाज ऐकला, फार शांत वाटले. बायकोने माझा उजवा हात स्वतःच्या नाकाशी नेला. दिनदर्शिकेत त्या दिवशी नुसतेच "सुंगटे" असे लिहिले आहे. ती नोंद समाधानाची आहे की गुन्ह्याची, हे मी अजून विचारलेले नाही.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो असतो. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण असलेली ही मूर्ती मूळची चोडणची. पोर्तुगीजांच्या काळात ती मयेमार्गे माशेलला आली, आणि बाळकृष्णाचे खेळ गावातली पोरे आणि थोर माणसे अंगाला तेल लावून चिखलात खेळतात. मी काठावर उभा राहून बघतो, तेवढे मला पुरते. त्या वर्षी मुलीच्या सांगण्यावरून मला आत जावे लागले, कारण मातीशी नाते जोडल्याने मन हलके होते असे तिने कुठेतरी वाचले होते. माझे नाते पहिल्याच पावलाला आडवे जोडले गेले. मी उठून उभा राहतो न राहतो तोच कॅमेरा घेतलेल्या एका तरुणाने माईक पुढे करून विचारले, "काका, आता कसं वाटतंय?" मी म्हटले, "निसरडं." मुलीने तो तुकडा पुण्यातल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला. त्यांना मी फार समाधानी वाटलो.

चवथीला माटोळी बांधताना तर कळसच झाला. गणपतीच्या वर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला नारळांचा घोस, सुपाऱ्यांचा घड, तवशी, आंबाडे, तोरिंजन, कांगले, घागऱ्या असा रानातला आणि परसातला सगळा ऐवज बांधायचा असतो, आणि तो मोडक्या स्टुलावर उभे राहून, मान मागे टाकून, तोंडात सुतळी धरून बांधायचा असतो. खालून सूचना देणारी माणसे बांधणाऱ्याच्या तिप्पट असतात. मी एका हाताने तवशी आणि दुसऱ्या हाताने छताचा वासा धरून उभा असताना बायकोने खालून गोड आवाजात विचारले, "वाटतंय ना समाधान?" तोंडात सुतळी असल्यामुळे माझे उत्तर गणपतीपर्यंत पोहोचले नाही, हे बरे झाले.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराने पहाटेपर्यंत ढोल-ताशांसकट झोपेचा वध केला, आणि मग कार्तिकात जत्रांचे दिवस सुरू झाले. गोव्यात जत्रा म्हटली की नाटक आले, आणि देवळाचे नाटक म्हटले की ते मराठीच असते. पणजीत मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली कला अकादमीची देखणी वास्तू आहे, तिथे मराठी नाट्यस्पर्धाही होते. पण आमच्या वाड्याच्या मते देवळापुढच्या मंडपात रात्री अकराला सुरू होऊन पहाटे संपते ते खरे नाटक, बाकीचे प्रयोग. या नाटकात मी कित्येक वर्षे प्रॉम्प्टर आहे. हे काम माझ्याकडे येण्याचे कारण मला चश्म्याशिवाय वाचता येत असे. आता चश्म्यानेही कष्टाने येते, पण खुर्ची सुटलेली नाही.

आमचा राजा एरवी वायरमन आहे. उंच, रुबाबदार, आवाज खर्जाचा. पाठांतराच्या नावाने मात्र शंख. वाक्य विसरले की तो हळूहळू माझ्या बाजूच्या विंगेकडे सरकतो आणि सरकण्याला निमित्त म्हणून, "प्रधानजी, इकडून वारा बरा येतो," असे पदरचे घालतो. गेल्या जत्रेत तिसऱ्या अंकात त्याचे मोठे स्वगत होते: पुत्र रणात पडल्याची वार्ता आली आहे आणि राजा आधी देवांना, मग दैवाला आणि शेवटी प्रधानाला बोल लावतो. तो दुसऱ्या ओळीवर असताना मंडपातला फ्यूज उडाला. काळोख झाला, पोरे शिट्ट्या मारू लागली, चणेवाल्यांच्या दिव्यांकडे माणसे सरकू लागली. वायरमन गावात एकच, आणि तो शोकात. मुकुट, दाढी आणि शेल्यासकट त्याला खांबापाशी नेण्यात आले.

माझ्याजवळ बॅटरी होती आणि संहिता होती. मंडप मोडला तर उरलेले दोन अंक देवाला एकट्याला पाहावे लागतील, म्हणून मी विंगेतूनच राजाचे स्वगत पुढे वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्ये सवयीने कुजबुजलो. मग लक्षात आले की आज कुजबुजण्याचे कारण नाही. मी आवाज सोडला. देवांना बोल लावले, दैवाला लावले, आणि प्रधानापर्यंत आलो तोवर वर्षभरातल्या सगळ्या नोंदी माझ्या गळ्याशी आल्या होत्या: पाच ग्रॅम, मगर, माटोळी, निसरडं. "कुठे आहे ते समाधान, जे तू मला या राज्यात दाखवणार होतास?" हे वाक्य संहितेत नाही. मंडपात चिडीचूप झाली. चणेवाल्यांनीसुद्धा हात थांबवले. माझे स्वगत संपत आले असताना फ्यूज बसला, उजेड झाला, आणि रंगमंचावर राजा नसताना राजाचा टाहो चाललेला सगळ्यांना दिसला. कोणी हसले नाही. आधी मागून आणि मग सगळीकडून टाळ्या पडल्या. राजा हातात टेस्टर घेऊन आला तेव्हा त्याला वाटले, त्या फ्यूजसाठी आहेत. त्याने मुकुट सावरून नमस्कार केला.

घरी परतताना उजाडत आले होते. बायको पहिल्या रांगेत होती, वाटेत ती काही बोलली नाही. पहाटे तिने दाब मोजला. आकडा मी इथे देत नाही, पण यंत्र बिघडले असावे म्हणून तिने तो स्वतःच्या दंडावरही मोजून पाहिला.

आठवड्याने देवस्थानची माणसे घरी आली. राजाला उंचावर चढायची कामे असतात, त्याचे पाठांतर होत नाही, तेव्हा पुढच्या जत्रेला राजा तुम्हीच, असे त्यांनी ठरवूनच आणले होते. संहिता आता उशाशी आहे. राजा पहिल्या अंकात सिंहासनावरून खाली येऊन दोनदा संतापतो, दुसऱ्यात प्रधानाचा गळा धरतो, तिसऱ्यात ते स्वगत. बायकोने संपूर्ण नाटक चश्मा लावून वाचून काढले आणि तिला त्यातली एकच गोष्ट पसंत पडली. शेवटच्या अंकात राजा मरतो आणि चार राण्यांचे विलाप संपेपर्यंत त्याला रंगमंचावर डोळे मिटून पडून राहायचे असते. तेवढा वेळ तरी घरचे मनुष्य निवांत पडेल, असे तिने देवस्थानच्या अध्यक्षांना सांगितले, आणि राण्या चारच्या सहा करता येतील का, असे विचारले.